गेरूनं लिहिलेलं 'निरंक'

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या सेवेबद्दल काहीतरी लिहा. रुग्णसेवा, त्याग, असं." मी म्हटलं, साहेब, सेवा देवळात करतात, दर्ग्यात करतात. मी नोकरी केली. हजेरीपटावर सही करून, रजा मागून आणि रजा मिळाली नाही की भांडून. त्याग केला असेल तर माझ्या चपलांनी, वर्षाला तीन जोड. चालत असेल तर लिहिते, नाहीतर एखादी गोड सिस्टर शोधा. ते हसले आणि म्हणाले, लिहा. म्हणून लिहायला बसले आहे. यात गोड फार कमी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मी नसीम. माहेर मुदखेडचं. अब्बा पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारे. स्टेशनाच्या बाहेर त्यांची बसायची जागा होती. नांदेडला नर्सिंगचा कोर्स केला आणि लातूरला नगरपालिकेच्या दवाखान्यात लागले. नर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी टोपी आणि वॉर्ड येतो. आमच्या डोक्यावर टोपी कधी नव्हती, पदर होता, तोही उन्हासाठी. आमचं काम गल्लीतलं.

काम असं होतं. माझ्याकडे सात गल्ल्या होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येक दारात उभं राहायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. घरात पोटुशी बाई आहे का? पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे का? असेल तर आत जायचं, तपासायचं, लस, लोहाच्या गोळ्या, जे काय असेल ते. नसेल तर दाराशेजारच्या भिंतीवर गेरूच्या खड्यानं तारीख घालायची, खाली सही, आणि सहीच्या वर एक शब्द लिहायचा, 'निरंक'. म्हणजे काही नाही, शून्य. आमच्या कचेरीचा हा मोठा लाडका शब्द. महिन्याच्या अहवालात जितके निरंक तितकं काम हलकं आणि साहेब खूश.

लोक खरं सांगत नाहीत, हे पहिल्या महिन्यातच कळलं. दिवस गेलेले असतील तर सासू सरळ "न्हाई" म्हणायची, नजर लागते म्हणून. सातव्या महिन्यात सून दारात येऊन उभी राहिली की मग, "आवं, तवा कुटं म्हाईत होतं?" एक निवृत्त शिपाईकाका होते, त्यांना काही झालेलं नसायचं, पण माझी पिशवी दिसली की बाही वर करून बसायचे. "सुई मारा एक, ताकतीची." मी म्हणायची, काका, तुमच्या ताकदीनं काकू बेजार झाल्यात, आणखी कशाला? मग काकू आतून हसायच्या. तर तोंडावर भरवसा न ठेवता मी दोरी वाचायला शिकले. वाळत घातलेल्या कपड्यांवरून घर कळतं. लंगोट दिसले की लेकरू आहे, विचारायची गरजच नाही. मला या दोरी वाचण्याची लई घमेंड होती. तीच घमेंड मला तोंडावर पाडून गेली.

भूकंप होऊन वर्ष झालं असेल. तिकडच्या गावांतून उठलेली माणसं लातूरला नातेवाईकांकडे येऊन राहिली होती. माझ्या चौथ्या गल्लीत रमेश म्हणून एकांचं घर होतं. आडत दुकानात मुनीम, बायको सुनीता, एक मुलगा शाळेत जाणारा. म्हणजे माझ्या दोन्ही प्रश्नांना उत्तर 'नाही'. त्यांच्या दोरीवर मात्र दर खेपेला जुन्या लुगड्यांचे धुतलेले तुकडे असायचे, ढीगभर. मी पिंजाऱ्याची पोरगी. लुगड्याचे धुतलेले तुकडे म्हणजे रजईची खोळ, गोधडीचं अस्तर, दुसरं माझ्या डोक्यात येईलच कसं? मनात म्हणाले, वहिनी मोठी गोधडी शिवतात वाटतं. आणि भिंतीवर लिहिलं, निरंक. पुढच्या महिन्यात परत निरंक. तिसऱ्या महिन्यात तारीख घातली, सही केली, 'निरं' लिहून झालं होतं, आणि आतून बाईचा आवाज आला.

"सिस्टर, म्या बी हाय की घरात."

मी खडा तसाच भिंतीवर टेकवून उभी राहिले. सुनीतावहिनी दारात होत्या, त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आमच्या नणंद हायत. त्यांचं तुमच्याकडं काय न्हाई. ना लेकरू, ना काय." मी चपला काढल्या आणि आत गेले.

पुढच्याच खोलीत, खिडकीजवळ, बाजेवर मथुरा होती. वय तिशीचं. भूकंपाच्या पहाटे माळवदाचं, मातीच्या जड छताचं घर अंगावर बसलं. नवरा गेला, चार वर्षांची पोरगी गेली. हिला दुसऱ्या दिवशी दगडमातीतून काढली तेव्हा पाठीचा कणा मोडलेला होता. कमरेखाली काही कळत नाही आणि उजवा खांदाही निकामी. एक डावा हात तेवढा चालत होता. दवाखान्यातून सोडताना लघवीची नळी बसवून भावाच्या घरी पाठवली होती. मी पांघरूण काढलं. माकडहाडावर माझी मूठ जाईल एवढी जखम होती, त्यावर पावडर भुरभुरलेली. दोरीवरचे तुकडे तिच्या खालचे होते.

मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला, आणि तो सगळा माझ्यावर होता. तीन महिने मी या बाईपासून आठ हातांवर उभी राहून 'काही नाही' असं लिहीत होते. आणि तिला प्रत्येक वेळी माझा आवाज ऐकू येत होता. मी विचारलं, "आधी का हाक मारली नाही?" ती म्हणाली, "तुमी इचारताव ते दोन परस्न. त्यात म्या बसत न्हवते. वाटलं, कदी तरी तिसरा इचारतील."

बाहेरच्या माणसांसाठी दोन गोष्टी सांगते, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडतील. पडून राहणाऱ्या माणसाला औषधाच्या आधी कूस लागते. हाड आणि बाज यांच्यामध्ये कातडी चेपली की तिथलं रक्त थांबतं आणि मांस मरायला लागतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. चादरीला सुरकुती नको, भाकरीचा चुरा नको, ओल नको. जखमेवर पावडर नको, हळद नको, शेजारणीचा मलम नको. मीठ घालून उकळलेलं पाणी गार करून धुवायचं, ओलसर गॉज भरायचा, झाकायचं. आणि कपड्याची गोल चुंबळ करून खाली ठेवतात ना, ती तर मुळीच नको, तिनं भोवतीचं रक्त उलट तुटतं. एवढंच शास्त्र आहे. अवघड काहीच नाही, फक्त दर दोन तासांनी माणूस लागतो, आणि तोच कुणाच्या घरात नसतो.

सुनीतावहिनींना मी पहिल्या दिवशी फाडफाड बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "सिस्टर, नळाला पानी आठव्या दिवशी येतं. चादरी कशानं धुऊ? एकटीनं उचलते यांना, माजी कंबर बगा. दवाखान्यातून सोडलं तवा कुणी सांगितलं का, कूस बदला म्हणून?" खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला मी होते, आणि मी भिंत रंगवत होते.

त्या दिवसापासून रोज सकाळी माझी पहिली घरभेट तिथं. अब्बांना चिठ्ठी टाकली. ते एस.टी.नं गाठोडं पाठीवर घेऊन आले. मथुराला एकदा बघितलं आणि ओट्यावर बसून दिवसभर कापूस पिंजला. सात उशा केल्या. गुडघ्यांच्या मधली पातळ, पोटऱ्यांखालची लांबट म्हणजे टाचा अधांतरी राहतात, पाठीला टेकवायची घट्ट. जाताना म्हणाले, "बेटी, मैंने जिंदगीभर लोगों को सुलाया. आज पहली बार करवट का हिसाब समझा." मथुराच्या बाजेवर आढ्याला एक दोरही अब्बांनीच बांधला, डाव्या हातानं धरून थोडं उचलता यावं म्हणून.

आणि मथुरानं एक केलं. मी बाहेर भिंतीवर तारीख घालते हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडून गेरूचा एक खडा मागून घेतला आणि आतल्या भिंतीवर, डाव्या हाताला पोचेल तिथं, लिहायला लागली. कूस बदलली की एक खूण. डावीला आडवी रेघ, उजवीला उभी, पाठीवर टिंब. दिवस संपला की खाली एक लांब रेघ. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षरापेक्षा ह्या खुणा नेटक्या. मी सकाळी आल्या आल्या ती भिंत वाचायची. काल दुपारी चारनंतर खूण नाही, म्हणजे वहिनी लग्नाला गेल्या असणार. जखम भरायला उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास तिच्यावर नवी गुलाबी कातडी आली. मी त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पेढे घेतले आणि सगळ्यांना वाटले. लोक विचारायचे, कुणाला झालं? मी म्हणायची, मला.

बाहेरच्या भिंतीवर आता 'निरंक' नव्हतं. रोजची तारीख होती, त्यावर 'मथुरा', खाली सही. कचेरीत आमच्या आरोग्याधिकारी साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं. माणूस वाईट नव्हता, पण रकान्यांत राहणारा होता. म्हणाले, "सिस्टर, ही बाई गरोदर नाही, बाळंतीण नाही, बालक नाही, क्षयरोगी नाही. ही रोजची घरभेट मी कुठल्या रकान्यात दाखवू?"

"नका दाखवू साहेब. मी भिंतीवर दाखवते."

"भिंत तपासणीला येत नाही."

"मग तपासणीला भिंतीकडं आणा," मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. त्यांची ती सवयच होती.

तोवर लातूरला क्लासचा पूर आला. शिकवण्यांच्या नावाचे फलक गच्चीपेक्षा उंच झाले. नांदेड, परभणी, बिदरकडून आईबाप पोरांना घेऊन यायचे, हातात मार्कांचा कागद, डोळ्यांत डॉक्टर. ज्याच्या घरात खोली होती त्यानं खोली दिली, ज्याच्या घरात नव्हती त्यानं गोठा झाडून पत्रे घातले. एका महिन्यात माझ्या चौथ्या गल्लीत तीन मेस झाल्या. रमेशभाऊंचं घर तर क्लासपासून हाकेच्या अंतरावर. त्यांना चूक म्हणू नका, सगळी गल्लीच तशी पळत होती. त्यांनी ठरवलं, पुढची खोली चार पोरांना द्यायची आणि अक्काला मागं न्यायचं.

मागं म्हणजे न्हाणीच्या पाठीमागे पत्र्याची खोली होती. खिडकी नाही. लातूरचा मे महिना, वर पत्रा, आणि जिला कमरेखाली चटका बसलेलाही कळत नाही अशी बाई. मी रमेशभाऊंना म्हटलं, "तिथं नेलीत तर पंधरा दिवसांत जखम उघडेल. आणि या वेळची भरणार नाही. तुम्ही बहिणीला खोली बदलून देत नाही आहात, तिला मारताय."

ते खाली बघून म्हणाले, "सिस्टर, तुमी सकाळी अर्धा घंटा येताव आन् जाताव. आमी चोवीस तास हाव."

त्यांचं खरं होतं, म्हणून मी जास्त मोठ्यानं बोलले.

मग भिंतीनं घोटाळा केला. आधीच वर्ष-दोन वर्षांपूर्वी प्लेगची हूल उठून गेलेली, लोकांच्या पोटात भीती ताजी होती. खोली बघायला आलेले आईबाप दाराशेजारी बघायचे तर नर्सच्या सहीनं रोजची तारीख, महिनोन्‌महिने, एका बाईच्या नावानं. एक गृहस्थ तर उंबऱ्यातूनच मागं सरकले, "कोनता रोग हाय या घरात? रोज नर्स येऊन राहिली म्हंजे साधं न्हाई." रुमाल नाकाला लावून गेले. असे तीन-चार गेले. रमेशभाऊंनी भिंतीला डिस्टेंपर दिला. मी दुसऱ्या दिवशी ओल्या डिस्टेंपरवर तारीख घातली. त्यांनी परत रंग दिला, मी परत लिहिलं. गल्लीला तमाशा झाला. शिपाईकाका रोज सकाळी खुर्ची टाकून बसायचे, आज कोण जिंकतंय बघायला.

शेवटी रमेशभाऊंनी कचेरीत अर्ज दिला. नर्स जबरदस्तीनं घरात घुसते, भिंत खराब करते. मला नोटीस आली. नेमून दिलेलं काम सोडून खाजगी घरात वेळ घालवत असल्याबद्दल लेखी खुलासा करावा. नोटीस दोनदा वाचली आणि घाबरले, खोटं का सांगू. माझे मालक तेव्हा रिकामे बसलेले, दोन पोरं शाळेत. नोकरी गेली असती तर मुदखेडला जाऊन कापूस पिंजावा लागला असता. बाकीच्या सिस्टर म्हणाल्या, माफी लिहून दे, मोकळी हो. मी कागद घेतला आणि लिहिलं:

"सदर घरी रुग्ण असताना मी दोनदा पूर्ण आणि तिसऱ्यांदा अर्धे 'निरंक' असे खोटे लिहिले. त्याबद्दल मला कुणीही खुलासा विचारला नाही. तो आधी विचारावा. नंतरच्या भेटींबद्दल मग बोलू."

साहेबांनी तो वाचला. चष्मा काढला, घातला. म्हणाले, "चला, दाखवा तुमची भिंत."

आम्ही गेलो तर बाहेरची भिंत कोरी. रमेशभाऊंनी सकाळीच हात फिरवला होता आणि मी अजून यायची होते. माझा एवढ्या दिवसांचा पुरावा डिस्टेंपरखाली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना आत नेलं. मथुरा म्हणाली, "साहेब, बसा. बाहीरची पुसली, आतली हाय." आणि दोर धरून जरा बाजूला झाली.

बाजेच्या उंचीपासून हात पोचेल तिथवर सगळी भिंत भरलेली होती. आडवी, उभी, टिंब. आडवी, उभी, टिंब. साहेब वाकून वाचायला लागले. मी सांगितलं, ही कूस. हा दिवस. इथं बघा, या चार दिवसांत खुणा विरळ आहेत, मी तापानं पडले होते. आणि इथं खाली लाल डाग झाला होता, तो पुढच्या आठवड्यात गेला. त्यांनी जखमेची जागा बघायला मागितली. मथुरानं परवानगी दिली, मी दाखवली. त्यांनी बोटानं कातडी हलकेच दाबून बघितली आणि पांघरूण स्वतः परत ओढलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "सिस्टर, भेटी बंद करा असं मी लिहिणार नाही. चालू ठेवा असंही लिहिता येणार नाही." मी म्हटलं, चालेल. नोकरी वाचली. मात्र त्या वर्षीचा माझा गोपनीय अहवाल 'साधारण' लिहिला गेला आणि बढती हुकली. पुढं कधी मिळालीच नाही. वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तोच खुलासा मी आज परत लिहीन, शब्द न शब्द.

पण खोली काही वाचली नव्हती. रमेशभाऊंनी साहेबांना चहा पाजला आणि पुढच्या रविवारी बाज हलवायची ठरवली. घर त्यांचं, बहीण त्यांची, कायद्यानं मी कोण? त्या रविवारी मी सुट्टी असून गेले. निदान उशा तरी नीट लावाव्यात म्हणून. दोन माणसांनी मथुरासकट बाज उचलली आणि मागच्या दारात ती अडकली. दार अरुंद. तिरकी करावी तर बाई घसरणार. "अक्काला आधी खाली घ्या," "न्हाई, बाजेचे पाय काढा," असा गोंधळ चालू. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या. मथुरा आढ्याकडे बघत होती. तिच्या डाव्या हातात गेरूचा खडा घट्ट धरलेला मी बघितला.

त्याच वेळी पुढच्या दारातून आवाज आला, "हाय का कुणी?" नायगावकडचे एक शेतकरी, सोबत बायको आणि अकरावीतली मुलगी. खोली बघायला आलेले. त्या माणसानं खोली बघितलीच नाही. त्याचा एकच प्रश्न होता आणि तो सगळ्या लातूरला विचारून दमला होता. "पोरीला ठिवायचंय. दिसभर घरात बाईमाणूस कोन असतं?"

रमेशभाऊ म्हणाले, "बायको असती की."

"त्या बाजाराला जातेत, लग्नाकार्याला जातेत. तवा?"

रमेशभाऊंनी मागं वहिनींकडं बघितलं. आणि मागच्या दारात अडकलेल्या बाजेवरून मथुरा म्हणाली, "म्या असते."

तो माणूस वाकून बघायला लागला. मथुरा म्हणाली, "कुटंच जात न्हाई म्या. ना लग्नाला, ना बाजाराला. पुढच्या खिडकीशी असते, दारातून कोन आलं, कोन गेलं, माज्यापासून सुटत न्हाई. या सिस्टरला इचारा. तिसऱ्यांदा आली तवा आवाजावरून वळकली म्या तिला. पोरगी माज्या नजरेसमोर ऱ्हाईल. फकस्त मला दोन घंट्यानं कूस बदलून द्यावी लागल."

मग त्या मुलीची आई पुढं आली, बाजेजवळ बसली आणि म्हणाली, "बाई, रोग काय हाय तुमाला?"

"भूकंप," मथुरा म्हणाली.

त्या माउलीनं नवऱ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "हितंच."

बाज उलटी फिरवून पुढच्या खोलीत आणली. रमेशभाऊंनी स्वतः एक बाजू धरली होती आणि ती खिडकीशी ठेवल्यावर ते तिथंच भिंतीला टेकून बसले, हुंदके देत. "अक्का, माजं चुकलं." ती म्हणाली, "रड नंतर. आदी उशा लाव."

ती मुलगी आधी मथुराच्याच खोलीत राहिली, पुढं मागच्या पत्र्याच्या खोलीवर स्लॅब घातला, वर दोन खोल्या चढल्या आणि तिथं मुली राहायला आल्या. गल्लीतली पहिली मुलींची खोली. मथुराक्काची खोली म्हणून पार बिदरपर्यंत नाव झालं. मुली दोन तास वाचायच्या, मग एक जण खाली यायची, कूस बदलायची, भिंतीवर खूण करायची, परत वर. कुणी उशीर केला तर मथुरा खालून ओरडायची, "कोनाची पाळी हाय? झोपलीस का पुस्तकावर?" तिच्या पाठीला परत कधी जखम झाली नाही. त्यातल्या काही मुली डॉक्टर झाल्या, काही नाही झाल्या, आणि कूस कशी बदलायची हे मात्र सगळ्यांना आलं. वहिनींच्या कमरेलाही आराम पडला. आधी माझा चहा वेगळ्या कपात यायचा, मी तोही पीत होते. पुढं तो कप कुठं गेला कुणास ठाऊक, मी विचारलं नाही.

मी त्यानंतर प्रत्येक दारात तिसरा प्रश्न विचारायला लागले. "घरात पडून कोण आहे?" रकाना नव्हता, तरी विचारायची. कुणी म्हातारी निघायची, कुणी लकवा झालेला. कचेरीनं मनाई केली नाही आणि मान्यही केलं नाही. तरी एक गोष्ट आत सलते, ती लिहून टाकते. सहाव्या गल्लीत एका कुलपाच्या घरावर मी दोन वर्षं निरंक लिहिलं होतं. तिसरा प्रश्न घेऊन गेले तेव्हा शेजारी म्हणाले, म्हातारा गेला की मागच्याच महिन्यात, मुलगा त्याला आत ठेवून कुलूप लावून कामाला जायचा. दाराशेजारी माझीच सही होती. ती मी पुसली नाही, पुसायचा हक्क नव्हता.

मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघे गेले, पण आठवड्यातून एकदा रिक्षानं चौथ्या गल्लीत जाते. मथुराचे केस पांढरे झालेत, आवाज तोच आहे. मागच्या महिन्यात आम्ही दोघी बोलत बसलो होतो. मुली क्लासला गेलेल्या, वहिनी बाहेर. दारात एक नवी आरोग्यसेविका आली, विशीतली, खांद्याला पिशवी, हातात मोबाईल. आता गेरू नाही, सगळं मोबाईलमध्ये. उंबऱ्याबाहेरूनच तिनं विचारलं, "गरोदर माता आहे का घरात? पाच वर्षांच्या आतलं बालक?"

मी तोंड उघडणार तोच मथुरानं हात वर केला, मला गप्प केलं.

"न्हाई," ती म्हणाली.

मुलीनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि वळली. मला माझी पाठ दिसली तिच्यात, तीस वर्षांपूर्वीची.

"ए पोरी," मथुरानं हाक मारली. "म्या बी हाय की घरात. आत ये. माजी कूस बदलायची येळ झाली."

मुलगी गोंधळली. "मावशी, माझ्याकडं त्याचा रकाना नाही ओ यात."

"भिंत हाय की," मथुरा म्हणाली, आणि डाव्या हातानं कोनाड्यातला गेरूचा खडा उचलून तिच्यासमोर धरला.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी बाजेकडं बोट केलं. तिनं चपला काढल्या, मोबाईल पिशवीत टाकला, बाजेजवळ आली आणि विचारलं, "कुठून धरू?"